पडद्याची इंजेक्शने: दोन झाली, आई म्हणते आता पुरे

जुळेसोलापूरकर

नमस्कार. माझ्या आईचे वय ६४ असून तिला १४ वर्षांपासून मधुमेह आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर वर्षभर ती पंचांगातील बारीक अक्षरेही चष्मा लावून वाचत असे. गेल्या दिवाळीपासून मात्र डाव्या डोळ्याने मधोमध काहीतरी पुसल्यासारखे दिसते, अशी तिची तक्रार सुरू झाली. मोतीबिंदूच पुन्हा आला असावा, या समजुतीत आम्ही जवळजवळ तीन महिने घालवले. शेवटी डोळ्यात औषध घालून आतून तपासणी झाली, तेव्हा मधुमेहामुळे पडद्याच्या मध्यभागी सूज आली आहे असे सांगण्यात आले. पडद्याचे थर व जाडी दाखवणाऱ्या ओसीटी नावाच्या तपासणीत मध्यभागाची जाडी ४८६ मायक्रॉन भरली. डॉक्टरांनी महिन्याला एक याप्रमाणे डोळ्यात इंजेक्शने घेण्यास सांगितले. दोन घेऊन झाली असून जाडी आता ३९८ वर आली आहे आणि तक्त्यावरचे वाचन ६/३६ वरून ६/२४ झाले आहे (खालचा आकडा जितका लहान तितकी नजर चांगली).

आईचे म्हणणे असे की, डोळ्यात सुई टोचून घ्यायची आणि दिसायचे मात्र जेवढ्यास तेवढे, तर आता पुरे. तिला समजावण्यापूर्वी मला स्वतःला समजून घ्यायचे आहे. ही इंजेक्शने नेमके काय करतात, अशी किती घ्यावी लागतात, मध्येच थांबल्यास काय होते आणि लेझरने एकदाच काम का भागत नाही? ज्यांच्या घरी हे झाले आहे त्यांनी कृपया लिहावे.

भुईकोट

मी डॉक्टर नाही. एका नेत्ररुग्णालयाच्या तपासणी विभागात ११ वर्षे काम करतो आणि ओसीटीच्या यंत्रावर रोज बसतो, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो.

आपण ज्याला पडदा म्हणतो ते दृष्टिपटल डोळ्याच्या आतल्या मागच्या भिंतीवर अस्तरासारखे असते. त्याच्या मध्यभागी पीतबिंदू असतो. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सारी कामे तो एवढासा भाग करतो. तेथील मध्याची जाडी निरोगी डोळ्यात साधारण पाव मिलिमीटर, म्हणजे २५० मायक्रॉनच्या आसपास असते. आपल्या आईंची ४८६ म्हणजे जवळपास दुप्पट. अनेक वर्षे रक्तातील साखर जास्त राहिली की पडद्यातील केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात आणि त्यांतून द्रव झिरपू लागतो. काही वाहिन्या बंदही पडतात. प्राणवायू कमी मिळालेला पडदा मग एक रसायन सोडतो, ज्याला व्हीईजीएफ म्हणतात. त्याचा हेतू नव्या वाहिन्या उगवून रक्तपुरवठा वाढवण्याचा असतो, परंतु त्यामुळे जुन्या वाहिन्या अधिकच गळू लागतात आणि नव्या उगवतात त्या इतक्या नाजूक असतात की त्यांतून केव्हाही रक्तस्राव होऊ शकतो. इंजेक्शनातील औषध हे रसायन बांधून ठेवते. औषधाचा अंमल महिना-दीड महिन्यात ओसरतो, रसायन तयार होणे मात्र थांबलेले नसते. म्हणून पुन्हा इंजेक्शन.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत पुढचे भिंग बदलले जाते. मागच्या पडद्याला सूज असेल तर नवे भिंग कितीही स्वच्छ असले तरी उपयोग होत नाही. रुग्णांचा सर्वांत मोठा गैरसमज येथेच असतो आणि तो दूर करण्यात आमच्या बाह्यरुग्ण विभागाची निम्मी सकाळ जाते.

तिखटशेंगा

माझ्या काकांना इंजेक्शनाचे काही वाटले नाही. संक्रांतीला शेंगापोळीचा एकच तुकडा वाढण्यात आला, तेव्हा मात्र आपल्याला गंभीर आजार झाला असल्याची त्यांची खात्री पटली.

अक्का_मंगळवेढा

जुळेसोलापूरकर, आपल्या आईंना माझा निरोप सांगा. माझी उजव्या डोळ्यात सात इंजेक्शने झाली आहेत, त्यामुळे मला बोलण्याचा थोडा अधिकार आहे. आधी थेंब टाकून डोळा बधिर करतात. नंतर तपकिरी रंगाचे जंतुनाशक घालतात, आणि खरे सांगायचे तर सुईपेक्षा तेच जास्त झोंबते. पापण्या मिटू नयेत म्हणून चिमटा लावतात, वर किंवा बाजूला पाहायला सांगतात आणि बुबुळाच्या कडेपासून तीन-चार मिलिमीटर अंतरावर पांढऱ्या भागात सुई देतात. दाब जाणवतो, पण आपण मनात "विठ्ठल, विठ्ठल" म्हणेपर्यंत ते संपलेले असते. पहिल्या वेळी घरी आल्यावर डोळ्यासमोर काळे गोल फुगे तरंगताना पाहून मी घाबरले होते. ते औषधाबरोबर गेलेले हवेचे बुडबुडे होते आणि एक-दोन दिवसांत नाहीसे झाले. सुईच्या जागी लाल डाग पडला तोही आठ-दहा दिवसांत गेला.

मला पहिल्या तीन इंजेक्शनांपर्यंत काहीच फरक वाटला नव्हता. चौथ्यानंतर एका सकाळी ज्वारी निवडताना खडा मला आधी दिसला आणि सुनेला नंतर. सून चष्मा लावत नाही, हे मुद्दाम नमूद करते.

शंकासूर

सर्वांच्या भावनांचा आदर ठेवून वेगळे मत मांडतो. ज्या उपचाराला शेवटच नाही त्याला उपचार म्हणावे की वर्गणी? आमच्या एका नातेवाइकांनी तीन इंजेक्शनांनंतर ते सोडून दिले. त्याला आता वर्ष झाले आणि त्यांचे उत्तम चालले आहे. नेत्रतर्पण, म्हणजे डोळ्यांवर औषधी तूप ठेवण्याचा आयुर्वेदिक उपचार, आणि डोळ्यांचे व्यायाम करतात. दुसरे असे की, एकाच आजारासाठी एक औषध काही हजारांना आणि दुसरे त्याच्या कितीतरी पट किमतीला कसे? जे स्वस्त आहे ते मुळात कर्करोगाचे औषध आहे, असेही मला सांगण्यात आले. रुग्णाने विश्वास कशावर ठेवायचा?

निवृत्त_वैद्य

शंकासूर यांचे प्रश्न रास्त आहेत, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. मी ३० वर्षे मधुमेहाचे रुग्ण पाहिले. डोळ्यांचा तज्ज्ञ नाही, तरी ज्यांचे डोळे गेले असे बरेच रुग्ण माझ्या हातून गेले आहेत.

आधी औषधांविषयी. बेव्हॅसिझुमॅब, ज्याला बाजारात अवॅस्टिन म्हणतात, ते २००४ मध्ये अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झाले. गाठीलाही वाढण्यासाठी नव्या रक्तवाहिन्या लागतात, त्या रोखणे हा त्याचा हेतू. पडद्याच्या आजारातही त्याच रसायनाचा उपद्रव असल्यामुळे २००५ पासून नेत्रतज्ज्ञ ते अत्यंत अल्प मात्रेत डोळ्यात देऊ लागले. कर्करोगासाठी बनवलेल्या एका कुपीतून डोळ्याच्या अनेक मात्रा निघतात, म्हणून ते स्वस्त पडते. धोकाही तेथेच आहे, कारण कुपीतून मात्रा वेगळ्या करताना निर्जंतुकता पाळली गेली नाही तर एकाच दिवशी अनेक रुग्णांना डोळ्यात संसर्ग होऊ शकतो. अशा घटनांमुळे आपल्याकडे २०१६ च्या जानेवारीत औषध नियंत्रकांनी डोळ्यातील वापराविरुद्ध इशारा दिला होता आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी बाजू मांडल्यावर मार्चमध्ये तो मागे घेण्यात आला. रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट ही औषधे डोळ्यासाठीच बनवलेली आहेत. मधुमेहाच्या सुजेवर या तिन्ही औषधांची तुलना करणारा अमेरिकेतील अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नजर थोडीच कमी झालेली असेल तर तिन्ही सारखीच ठरली; बरीच कमी झालेली असेल तर पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट सरस ठरले. म्हणजे स्वस्त औषध दिले म्हणून फसवणूक होत नाही आणि महाग सुचवले म्हणूनही होत नाही. आपला रुग्ण कोणत्या गटात बसतो हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

त्याच अभ्यासात धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर आहे. पहिल्या वर्षी बहुतेकांना नऊ ते दहा आणि दुसऱ्या वर्षी पाच ते सहा इंजेक्शने लागली. पुढे गरज आणखी घटत जाते. वर्गणीच म्हणायची असेल तर उतरत जाणारी वर्गणी म्हणा.

आता आपल्या नातेवाइकांना एक विनंती करा. त्यांनी चांगला डोळा तळहाताने झाकून फक्त उपचार सोडलेल्या डोळ्याने वर्तमानपत्र वाचून पाहावे. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा दुसऱ्याची उणीव इतकी बेमालूम झाकतो की, एक डोळा जवळजवळ निकामी झाल्याचे माणसाला महिनोन्‌महिने कळत नाही.

शंकासूर

विचारून पाहतो आणि जे असेल ते येथे प्रामाणिकपणे लिहितो.

पूर्वभाग

डोळा झाकून पाहण्याविषयी वाचले आणि वडील आठवले. ते ४० वर्षे चादरीच्या कारखान्यात होते, शेवटची काही वर्षे तयार मालाच्या तपासणीवर. एके दिवशी घरी येऊन म्हणाले की, आज सगळा माल वाकडा आला आहे, चौकड्यांच्या रेघा मधूनच पोट काढतात. कारागिरांना ते रागावूनही आले होते. दुसऱ्या दिवशी मालकांनी तीच चादर स्वतः पाहिली, तर तिच्यात काहीही दोष नव्हता. दोष वडिलांच्या डाव्या डोळ्यात होता. त्यांना मधुमेह नव्हता. वयोमानाने पीतबिंदू झिजण्याचा जो आजार होतो त्याचा ओला प्रकार होता, म्हणजे पडद्याखाली नव्या वाहिन्या उगवून तेथे द्रव आणि रक्त साठले होते. डॉक्टरांनी त्यांना घरी तपासण्यासाठी चौकड्यांचा छापील कागद दिला, तेव्हा वडील म्हणाले, "याच्यापेक्षा आमची चादर मोठी आहे."

त्यांनाही हीच इंजेक्शने दिली गेली. लवकर कळल्यामुळे त्यांचे वाचन शेवटपर्यंत टिकले. उजव्या डोळ्यात आजाराचा सुका प्रकार होता. त्यासाठी इंजेक्शन नव्हते. ठरावीक जीवनसत्त्वे व जस्ताच्या गोळ्या दिल्या आणि विडी कायमची सोडायला सांगितली. विडी सोडणे त्यांना सुईपेक्षा जड गेले.

हुतात्मा_प्रवासी

धाग्याचा विषय इंजेक्शनांचा असला तरी पडद्याच्या ज्या आजारात तीन महिने तर सोडाच, तीन दिवसही घालवू नयेत, त्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. माझा चष्मा उणे ८ क्रमांकाचा होता. इतक्या क्रमांकाचा डोळा लांबट असतो आणि त्यातील पडदा कडेला ताणून पातळ झालेला असतो, हे मला नंतर कळले. तीन वर्षांपूर्वी सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत मला डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात विजा चमकल्यासारखे दिसू लागले आणि काजळीचे कण उडावेत तसे असंख्य ठिपके अचानक आले. यात्रेतील दिव्यांमुळे असेल, जागरणामुळे असेल, उष्णता झाली असेल, असे घरातील प्रत्येकाने आपापले निदान केले. चौथ्या दिवशी खालून वर सरकणारी काळी सावली दिसू लागली.

पडद्याला छिद्र पडून त्यातून द्रव मागे शिरला होता आणि भिंतीवरचा ओला कागद सुटावा तसा पडदा सुटत चालला होता. पुण्यात शस्त्रक्रिया झाली. डोळ्यातील जेलीसारखा काचद्रव काढून, लेझरने छिद्राभोवती वेढा घालून आत वायू भरण्यात आला. वायूचा बुडबुडा छिद्रावर टेकून राहावा म्हणून मला सात दिवस मान खाली घालून बसावे आणि झोपावे लागले. वायू विरेपर्यंत विमानप्रवासाला आणि महाबळेश्वरासारख्या उंच ठिकाणी जाण्यास सक्त मनाई होती, कारण हवेचा दाब कमी झाला की बुडबुडा फुगतो आणि डोळ्याचा दाब धोकादायक वाढतो. सोलापूरला मी हुतात्मा एक्स्प्रेसने मान खाली घालून परतलो. शेजारच्या आजोबांनी माझ्याकडे पाहून मोठ्या सहानुभूतीने विचारले की, घरी काही वाईट घडले का?

मध्यभाग सुटण्यापूर्वी पोहोचलो असतो तर नजर पूर्ववत होण्याची शक्यता बरीच जास्त होती. आता ६/१८ आहे. दुसऱ्या डोळ्यातील पातळ जागांभोवती आधीच लेझर करून घेतले आहे.

अशोकचौक

माझ्या धाकट्या भावाला लहानपणापासून रात्री दिसत नसे. आम्ही त्याला रातांधळा म्हणून चिडवायचो, याची आजही लाज वाटते. पुढे हैदराबादला तपासणी झाली आणि रेटिनायटिस पिगमेंटोसा असल्याचे कळले. यात पडद्याच्या कडेच्या, अंधारात पाहणाऱ्या पेशी आधी मरत जातात. नजर कडेकडून आक्रसत नळीतून पाहिल्यासारखी होते. इंजेक्शन किंवा लेझरचा यात उपयोग नाही. आमच्या आई-वडिलांचे लग्न मामा-भाचीचे. आजाराचे कारण असलेला जनुक आई व वडील दोघांकडूनही आला की असे होऊ शकते आणि नात्यातील लग्नात ती शक्यता वाढते, हे डॉक्टरांनी कागदावर वंशावळ काढून समजावले. आमच्या समाजात हा विषय काढला की लोक दुखावतात, पण काढायला हवा.

एका लेखात जनुकोपचाराने दृष्टी आल्याचे वाचून भाऊ फार उत्साहित झाला होता. २०१७ च्या अखेरीस अमेरिकेत मंजूर झालेला तो उपचार आरपीई६५ या एकाच जनुकातील दोषासाठी आहे. भावाचा दोष वेगळ्या जनुकात निघाला. माझा प्रश्न असा की, नेत्रदानातून मिळालेला डोळा त्याला बसवता येणार नाही का? घरी सर्वजण हाच प्रश्न विचारतात.

भुईकोट

अशोकचौक, दुर्दैवाने नाही. नेत्रदानातून मिळालेल्या डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, म्हणजे स्वच्छमंडल, तेवढाच दुसऱ्याला बसवला जातो. पडदा हा मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे. तो मेंदूशी लाखो चेतातंतूंनी जोडलेला असतो आणि ती जोडणी पुन्हा करता येत नाही. आपल्या भावाला दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले आहे का? मध्यभागाचे वाचन चांगले असले तरी दृष्टिक्षेत्र आक्रसलेले असेल, तर त्या आधारावर ते मिळू शकते. अनेकांना हे ठाऊक नसते.

धागाकर्त्याचा लेझरचा प्रश्न मागे राहिला आहे. मधुमेहाच्या सुजेवर पूर्वी लेझर हाच मुख्य उपाय होता. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात त्यामुळे नजर बरीच घटण्याची शक्यता सुमारे निम्म्याने कमी झाली. परंतु लेझर आहे ती नजर राखत असे, गेलेली क्वचितच परत आणत असे. इंजेक्शनांनी अनेकांच्या तक्त्यावरच्या एक-दोन ओळी परत मिळतात, म्हणून मध्यभाग सुजला असेल तर आज आधी इंजेक्शन देतात.

अक्का_मंगळवेढा

माझ्या दुसऱ्या डोळ्याला चार वर्षांपूर्वी तीन बैठकांत लेझर झाले आहे आणि तेव्हापासून संध्याकाळी त्या डोळ्याने कमी दिसते. हे आधी कोणी नीट सांगितले नव्हते, याचा मला राग आहे.

निवृत्त_वैद्य

अक्का, आपला राग योग्य आहे. ते आधी सांगायला हवे होते. आपल्याला झालेले लेझर सुजेवरचे नसून नव्या वाहिन्या उगवू लागल्यावर पडद्याच्या कडांना देतात ते असावे. त्यात कडेच्या भागातील पेशी जाणूनबुजून भाजल्या जातात. त्यामुळे पडद्याची प्राणवायूची मागणी घटते, रसायन कमी होते आणि मध्यभाग वाचतो. अंधारात पाहण्याचे काम कडेचे असल्यामुळे संध्याकाळची नजर ही त्याची किंमत असते.

येथे भुईकोट यांच्या म्हणण्याला मी एक पुरवणी जोडतो. नव्या वाहिन्यांच्या टप्प्यावर केवळ इंजेक्शने घेऊन मध्येच येणे बंद केलेल्या रुग्णांची अवस्था, लेझर करून येणे बंद केलेल्यांपेक्षा वाईट झाल्याचे आढळले आहे, कारण औषध ओसरते आणि लेझरचा परिणाम टिकतो. म्हणून आपल्या आईंना फक्त सूज आहे की नव्या वाहिन्याही आहेत, हे जुळेसोलापूरकर यांनी विचारून घ्यावे. सुईला कंटाळलेल्या रुग्णाच्या बाबतीत त्या उत्तराने सगळा निर्णय बदलू शकतो.

आणखी एक, जे डोळ्यांच्या दवाखान्यात विचारायचे राहून जाते. रक्तदाब, मूत्रपिंडाचे काम आणि हिमोग्लोबिन तपासले आहे का? साखरेसाठी पायोग्लिटाझोन ही गोळी चालू आहे का? ती अंगात पाणी साठवते आणि काही रुग्णांत पडद्याची सूजही वाढवते. आपल्या मनाने बंद करू नका. मधुमेहाच्या डॉक्टरांना दाखवा. अलीकडे हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला असल्यास तेही इंजेक्शनापूर्वी सांगावे. इंजेक्शनानंतर दोन-चार दिवसांत दुखणे आणि लाली वाढत गेली व नजर धूसर झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. संसर्ग दोन-तीन हजार इंजेक्शनांत एखाद्याला होतो, पण झाला तर तासांचा हिशेब असतो.

शंकासूर

कबूल केल्याप्रमाणे लिहितो. नातेवाइकांना डोळा झाकून वाचायला सांगितले. त्यांना मथळा दिसला, बातमी दिसली नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, नंतर म्हणाले की, कागदाची छपाई खराब आहे. सोमवारी त्यांना तपासणीला नेत आहे. नेत्रतर्पणाने त्यांना आराम वाटतो, त्याविषयी माझे मत बदललेले नाही. परंतु ओसीटीचा कागद पाहिल्याशिवाय आता काही बोलणार नाही.

तिखटशेंगा

शंकासूर यांनी कोणत्याही धाग्यावर मत तपासून पाहिल्याची ही पहिलीच नोंद असावी. संपादकांनी हा प्रतिसाद जपून ठेवावा.

जुळेसोलापूरकर

दोन महिन्यांनी लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमस्व. नव्या वाहिन्या नाहीत, फक्त सूज आहे. पायोग्लिटाझोन खरोखरच चालू होती. मधुमेहाच्या डॉक्टरांनी ती बदलली. अक्कांचा ज्वारीतील खड्याचा प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. तिने दोनदा वाचायला लावला आणि त्या सुनेचे वय काय, अशी चौकशी केली. तिसरे व चौथे इंजेक्शन झाले आहे. जाडी ३१२, वाचन ६/१८. फरक पडल्याचे ती अजून मान्य करीत नाही, मात्र काल भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिने स्वतःच पाहून सांगितले की, पुढची तारीख नेमकी अमावास्येला आली आहे आणि त्या दिवशी ती सुई घेणार नाही. दोन-तीन दिवस पुढे ढकलल्यास चालेल का?

भुईकोट

दोन-तीन दिवसांनी काही बिघडत नाही. मात्र दूरध्वनी करून नवी वेळ आजच निश्चित करून घ्या, कारण आपल्या आईंसारखा विचार करणारे पुष्कळ असल्यामुळे अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी आमच्या बाकांवर बसायला जागा नसते.